दुकानातली हवा आणि आपला श्वास



आज आपण बोलणार आहोत किराणा दुकानातल्या हवेबद्दल. विषय ऐकून काही जणी म्हणतील, हवेचं काय बोलायचं? भाव बोला, वजन बोला, भेसळ बोला. खरं आहे. दुकानात गेलो की आपण तूरडाळ तळहातावर घेऊन बघतो, काटा शून्यावर आहे का बघतो, पाकिटावरची तारीख वाचायलाही आता शिकलो आहोत. पण तिथं उभं राहून जी हवा आपण आत घेतो, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ती तोलून मिळत नाही आणि तिचे पैसेही द्यावे लागत नाहीत, म्हणून असेल.

थोडा हिशोब करू. शांत उभं असलेलं मोठं माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतं. दुकानात वीस मिनिटं थांबलं, तर सव्वाशे ते दीडशे लिटर हवा छातीतून फिरून येते. पंधरा लिटरची घागर धरली तर आठ-दहा घागरी. पाणी गढूळ असेल तर आपण एक पेलाही पीत नाही. हवा गढूळ असली तरी ती दिसत नाही, आणि श्वास तर थांबवता येत नाही.

आता दुसरा हिशोब. आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं दुकानात जाणारी बाई वर्षाला साधारण पस्तीस तास दुकानात असते. पण गल्ल्यावर रोज बारा तास बसणारी बाई वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी तीन हजार सहाशे तास त्याच हवेत असते. म्हणजे शंभर पट. गिऱ्हाइकाला जिथं नुसता ठसका लागतो, तिथं दुकान चालवणारीला आजार जडू शकतो. आणि आपल्या कितीतरी बचत गटांनी आज स्वतःचं किराणा दुकान टाकलंय, मिरची कांडप सुरू केलंय, पिठाची गिरणी घेतलीय. तेव्हा हा विषय दुसऱ्याच्या दुकानाचा राहिलेला नाही, आपल्याच घरातला झालाय.

या हवेत असतं तरी काय?

पहिली गोष्ट म्हणजे धूळ. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या मोंढ्यात किंवा जाधववाडीच्या बाजार समितीत ज्या माल भरायला गेल्या असतील, त्यांना ही धूळ सांगायला नको. पोतं उतरवलं की धूळ, ओतलं की धूळ, चाळलं की धूळ. या धुळीत नुसती माती नसते. धान्याच्या टरफलाचे बारीक कण असतात, पीठ असतं, सोंड्यांची आणि पोरकिड्यांची विष्ठा असते, बुरशीचे कण असतात, उंदरांची घाण असते. मोठे कण नाकात अडकतात आणि शिंकेबरोबर बाहेर पडतात. बारीक कण मात्र खोल फुप्फुसात उतरतात. ज्याला पीएम २.५ म्हणतात, तो कण आपल्या केसाच्या जाडीच्या वीस ते तिसाव्या भागाइतका असतो. तो डोळ्याला दिसत नाही आणि एकदा हवेत उठला की तासन् तास तरंगत राहतो.

धान्याच्या धुळीने माणूस आजारी पडतं, हे नवं ज्ञान नाही. १७०० साली, म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं त्या वर्षी, इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. धान्य चाळणारे आणि मापणारे यांच्यासाठी त्यात वेगळं प्रकरण आहे. त्यांना खोकला येतो, दम लागतो, डोळे चुरचुरतात, हे त्याने तेव्हाच नोंदवलं. पिठामुळे होणाऱ्या दम्याला आजही डॉक्टर भट्टीवाल्यांचा दमा म्हणतात. आपल्याकडे हमालांनी आणि मापाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या हीच धूळ खाल्ली. त्यांच्या कामाला कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९६९ च्या माथाडी कायद्याने. मोंढ्यात धान्य निवडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बाया मात्र तीच हवा घेत असूनही बहुतेक वेळा कोणाच्या हिशोबात नसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मिरची-मसाला. आपला सिल्लोड तालुका मिरचीसाठी नावाजलेला. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो, ते हवेतून नाकाघशाच्या नसांना थेट झोंबतं. म्हणून शिंका, ठसका, डोळ्याला पाणी. निरोगी माणसाचं हे तेवढ्यापुरतं असतं. पण जिला आधीच दमा आहे, तिची श्वासनळी याने आवळते. सुट्टं तिखट उघड्या डब्यात ठेवणारं, पंख्याखाली ते तोलणारं दुकान गिऱ्हाइकांमधल्या दमेकऱ्यांना रोज त्रास देत असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे धूर. सकाळी दुकान उघडलं की अगरबत्ती, संध्याकाळी धूप, रात्री डासांची कॉईल. देवाला उदबत्ती लावू नका असं कोणी म्हणत नाही. पण बंद खोलीत धूर हा धूरच असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की डासांची एक कॉईल पूर्ण जळते तेव्हा बारीक कणांचा जेवढा धूर निघतो, तो ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतका असतो. ज्या आईने आयुष्यात विडी हातात धरली नाही, तिच्या गल्ल्याखाली रोज एक कॉईल जळत असेल, तर हा आकडा तिने ऐकायला हवा.

खेड्यात आणखी एक धूर असतो. आपल्याकडे कितीतरी दुकानं घराच्याच पुढच्या खोलीत असतात. पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. मागं चूल पेटली की धूर पुढं येतो. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघरी गॅस आला, पण टाकी महाग म्हणून पाण्याला आणि भाकरीला चूल पेटतेच. घरातल्या अशा धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि धुराजवळ सगळ्यात जास्त वेळ कोण असतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

चौथी गोष्ट म्हणजे ओल आणि बुरशी. पावसाळ्यात भिंतीला लावून रचलेली पोती ओल धरतात. दुकानात शिरल्याबरोबर कोंदट वास आला, तर समजायचं की बुरशी कुठंतरी वाढतेय. बुरशीचे कण हवेत उडतात. त्यांनी सर्दी हटत नाही, दमा उचल खातो.

पाचवी गोष्ट म्हणजे माणसांचा उच्छ्वास. बाहेरच्या मोकळ्या हवेत दहा लाख भागांमागे साधारण ४२० भाग कार्बन डायऑक्साईड असतो. बंद, गजबजलेल्या खोलीत तो सहज हजाराच्या वर जातो. डोकं जड होतं, जांभया येतात, हिशोब चुकतो. हा वायू त्या प्रमाणात काही जीवघेणा नसतो, पण तो एक निरोप देतो: या खोलीतली हवा बदललेली नाही, आपण एकमेकींनी सोडलेलीच हवा परत घेतोय. म्हणजे तिथं कोणाला सर्दी, फ्लू, क्षय असेल, तर तोही आपण वाटून घेतोय.

करोनाच्या काळात हे सगळ्यांना कळलं. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने लोकांसाठी एक साधं पत्रक काढलं होतं. मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण अगदी बारीक तुषार हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, असं त्यात सांगितलं होतं. आणि उपाय काय सांगितला होता? खिडक्या-दारं उघडा, हवा बाहेर फेकणारा पंखा लावा, हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाऊ द्या. करोना ओसरला तशा खिडक्या पुन्हा बंद झाल्या आणि त्यांच्यापुढं पुन्हा पोती रचली गेली.

सगळ्यात घातक: धान्यातली गोळी

मैत्रिणींनो, आता जे सांगतो आहोत ते नीट ऐका. बाकीच्या गोष्टींनी माणूस हळूहळू आजारी पडतं. हिने एका रात्रीत जीव जातो.

धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या टाकतात, ज्यांना आपल्याकडे सरसकट सल्फास किंवा सेल्फॉस म्हणतात, त्यांचं रासायनिक नाव अॅल्युमिनियम फॉस्फाईड. गोळी हवेतला ओलावा शोषते आणि तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम वायू निघतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत हा सगळा वायू मिसळला, तर हवेतलं त्याचं प्रमाण दहा लाख भागांत पंचवीस भागांच्या आसपास जातं. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा ०.३ भाग धरली आहे. म्हणजे एका गोळीने ऐंशी पटीहून जास्त. आणि आपल्याकडे एकेका कोठीत चार-चार, पाच-पाच गोळ्या टाकल्या जातात, त्याच खोलीत लेकरं झोपतात.

या वायूला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो म्हणतात. पण वासावर विसंबू नका. प्रमाण धोक्याचं असूनही वास न येण्याची शक्यता असते. हा वायू भिंतीच्या फटीतून, दाराखालून शेजारच्या खोलीतही जातो. याच्यावर उतारा असं औषध नाही. मळमळ, उलटी, छातीत दडपण, दम लागणं, चक्कर ही लक्षणं दिसली की आधी माणसाला उघड्यावर आणायचं, सगळ्या घराला बाहेर काढायचं आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. जेवणातून काही झालं असेल म्हणून घरगुती उपाय करत बसायचं नाही.

कायदा काय सांगतो? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली या गोळीच्या वापरावर बंधन आहे. सरकारी यंत्रणा किंवा मान्यता असलेले कीडनियंत्रणवाले यांनीच, जाणकाराच्या देखरेखीखाली ती वापरायची आहे. किराणा दुकानदाराने पुडीत बांधून विकायची ती वस्तू नाही. गटाच्या दुकानात ती ठेवू नका. कोणी मागितली तर नाही म्हणा, आणि का नाही तेही सांगा. शिवाय १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे कोणतंही कीटकनाशक खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं. एकाच फळीवर वर फवारणीची बाटली आणि खाली गुळाची ढेप, हे कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही.

मग धान्य टिकवायचं कसं? आपल्या आज्या टिकवत होत्याच की. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचं, दाताखाली कट्कन मोडेल इतकं. गार झाल्यावरच भरायचं, नाहीतर आत घाम धरतो. डाळीला एरंडेल चोळायचं. कडुलिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये घालायचा. आता हवाबंद जाड पिशव्याही मिळतात. तोंड घट्ट बांधलं की आतला प्राणवायू संपतो आणि कीड आपोआप मरते, औषध लागतच नाही. काही घरांत पाऱ्याच्या टिकड्या वापरतात. पारा साध्या उष्णतेनेही वाफ होऊन हवेत मिसळतो, तेव्हा तोही मोह नको.

साबण, फिनेल आणि डांबर गोळ्या

दुकानात एक कोपरा असतो जिथं नाकाला एकदम झिणझिण्या येतात. कपड्याचा सोडा, फिनेल, डांबर गोळ्या, संडास साफ करायचं अॅसिड, सगळं तिथं. हा माल खाण्याच्या मालापासून लांब, दाराजवळ किंवा खिडकीजवळ ठेवावा. डांबर गोळ्यांची वाफ काही लहान बाळांच्या रक्ताला बाधते, त्यांची कावीळ वाढते. म्हणून बाळाच्या दुपट्यात, झबल्यात त्या कधी ठेवू नयेत.

आणखी एक चूक वारंवार घडते. फरशी जास्त स्वच्छ व्हावी म्हणून ब्लिचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र केलं जातं. यातून क्लोरीन वायू निघतो. तो घसा आणि फुप्फुस भाजून काढतो. या दोन वस्तू एका बादलीत कधीही नको. आज जेव्हा वापरलं तेव्हा एकच वापरायचं.

वातानुकूलित मॉल चांगला की आपलं दुकान?

शहरात आता मोठी मोठी दुकानं झाली आहेत. काचेची दारं, गार हवा, टोपली घेऊन आपण फिरायचं. तिथं मिरचीची धूळ नसते, माल पाकीटबंद असतो, हे चांगलंच. पण गार हवा म्हणजे ताजी हवा नव्हे. भिंतीवर लावलेला साधा एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही. ताज्या हवेची वेगळी सोय केलेली नसेल, तर सणासुदीच्या गर्दीत तिथंही तीच हवा फिरत राहते. म्हणून गर्दीच्या वेळी तान्ह्या बाळाला, दम लागणाऱ्या सासूबाईंना घेऊन जाणं टाळावं. सकाळची, कमी गर्दीची वेळ बरी.

कूलरचं उलट असतं. कूलर खिडकीत बसवला तर तो बाहेरची हवा आत आणतो. पण समोरची खिडकी किंवा दार उघडं लागतं, नाहीतर आत दमटपणा साठतो, अंगाला घाम येतो आणि पोत्यांना बुरशी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलर हवाच, पण खोलीच्या आत ठेवून दार लावून नव्हे.

लाईट गेल्यावर जनरेटर लावणारी दुकानंही आहेत. जनरेटर कधीही बंद जागेत, जिन्याखाली किंवा मागच्या दाराला खेटून चालवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं दुखायला लागतं, गुंगी येते आणि गुंगीतच माणूस जातं.

आता कोणी म्हणेल, खिडकी उघडली तर रस्त्याची धूळ आत येते. तेही खरं. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा ठरवलेल्या मापात बसत नाही, त्यांच्या यादीत आपलं शहर तेव्हाच्या औरंगाबाद या नावाने आलं, शेजारचं जालनाही आलं. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांप्रमाणे बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा एका घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा १५ आहे. म्हणून हमरस्त्यावरच्या दुकानाने पुढच्या दारासमोर पाणी मारावं आणि गाड्यांची वर्दळ जास्त असेल तेव्हा मागच्या, गल्लीकडच्या खिडकीतून हवा घ्यावी. पण सगळंच बंद करून बसणं हा उपाय नाही. आत तयार होणारी धूळ, धूर आणि उच्छ्वास मग जाणार कुठं?

हवा कशी खेळवायची?

हवेला यायला एक वाट आणि जायला दुसरी वाट लागते. नुसतं एक दार उघडं ठेवून भागत नाही. छताचा पंखा हवा फक्त फिरवतो, बदलत नाही. उलट उघड्या पिठाचे कण सगळीकडे पसरवतो. हवा बाहेर फेकणारा पंखा, ज्याला आपण एक्झॉस्ट म्हणतो, तो दाराच्या समोरच्या भिंतीत, उंचावर बसवावा. दाराच्या अगदी शेजारी बसवला, तर दारातली हवा तिथल्या तिथं बाहेर जाते आणि मागचा कोपरा तसाच कोंदलेला राहतो.

पंखा केवढा घ्यायचा? दुकान दहा बाय बारा आणि उंची दहा फूट असेल, तर आत बाराशे घनफूट हवा आहे. ती तासाला दहा वेळा बदलायची म्हटली तर बारा हजार घनफूट, म्हणजे ताशी साधारण ३४० घनमीटर हवा फेकणारा पंखा लागेल. हा आकडा पंख्याच्या खोक्यावर छापलेला असतो. दुकानदाराला तो दाखवायला सांगा. जाळीने आणि वाऱ्याने पंख्याची ताकद कमी होते, म्हणून थोडा मोठाच घ्या.

बसवल्यावर तपासायचं कसं? एक अगरबत्ती पेटवून दारात धरा. धूर आत ओढला गेला आणि मागच्या पंख्यातून बाहेर पडला, तर वाट बरोबर आहे. धूर एका कोपऱ्यात घुटमळत राहिला, तर तिथं हवा मेली आहे. त्या कोपऱ्यातली पोती हलवा, वाट मोकळी करा. महिन्यातून एकदा पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसा. तेलकट धूळ चिकटली की पंखा नुसता आवाज करतो.

धुळीचं म्हणाल तर ती उठूच न देणं सगळ्यात सोपं. कोरड्या झाडूने झाडलं की खाली बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर येते. ओलं फडकं वापरा, किंवा आधी हलकं पाणी शिंपडा. गिऱ्हाईक असताना झाडू नका. पोतं उंचावरून ओतू नका, तोंड डब्याच्या आत धरून हळू रिकामं करा. पीठ आणि तिखट झाकणाच्या डब्यात ठेवा, तोलताना पंखा बंद करा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. म्हणजे ओल धरणार नाही, उंदीर लपणार नाही आणि मागून पुसताही येईल.

कांडप आणि गिरणी चालवणाऱ्या बायांसाठी एक वेगळी गोष्ट. पदर किंवा रुमाल तोंडाला बांधला की आपल्याला वाटतं काम झालं. कापडाने मोठी धूळ अडते, बारीक कण आरपार जातात. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा. आणि कांडपाच्या खोलीत अंगणवाडीतून आलेलं लेकरू बसवून ठेवू नका. लेकराचा श्वास आपल्यापेक्षा जलद असतो, त्याच्या वजनाच्या मानाने ते जास्त हवा घेतं, म्हणजे धूळही जास्त घेतं. पोटुशी बाईलाही काही महिने दुसरं काम द्या. गटात तेवढी सोय आपण एकमेकींसाठी करू शकतो.

कायदा आपल्या बाजूने आहे

सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांप्रमाणे मनाई आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. दुकानात उभं राहून कोणी विडी ओढत असेल, तर त्याला बाहेर जायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पाव्हणा असला तरी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी स्वच्छता, उजेड आणि खेळती हवा ही मालकाची जबाबदारी धरली आहे. मोठ्या दुकानांत कामाला जाणाऱ्या आपल्या लेकी-सुनांनी हे लक्षात ठेवावं.

गटाचा मसाल्याचा, पापडाचा, पिठाचा उद्योग असेल, तर अन्न परवाना किंवा नोंदणी लागतेच. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद केली गेली. अर्ज करताना यंत्राची यादी करतो, तेव्हा धूळ ओढणारा पंखाही पहिल्यापासून आराखड्यात घाला. मागाहून भिंत फोडून तो बसवणं महाग पडतं, आणि मग ते राहूनच जातं.

शरीर काय सांगतंय?

एक साधी खूण लक्षात ठेवा. दुकानात किंवा कांडपात गेल्यावर त्रास होतो, घरी आल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर गेलं की पुन्हा सुरू होतं. असं असेल तर दोष हवेचा असण्याची दाट शक्यता आहे. माहेरी चार दिवस गेलं की खोकला थांबतो, तो माहेरच्या पाण्याने नव्हे, तर कांडप सुटलं म्हणून.

रात्री खोकल्याने झोपमोड होणं, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणं, जिना चढताना आधी लागत नसलेला दम लागणं, ही दवाखान्यात जायची लक्षणं आहेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करायचीच. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. फुप्फुसाची ताकद बघण्यासाठी नळीत जोरात फुंकायची एक तपासणी असते, तिला सुई टोचावी लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गरज पडली तर घाटीत पाठवतात. तिथं डॉक्टरांना आपण काय काम करतो, ते आवर्जून सांगा. आपण नुसतं घरकाम म्हणून मोकळ्या होतो आणि डॉक्टरांना मिरचीचा पत्ताच लागत नाही.

दम्याचं निदान झालं तर घाबरू नका. ओढायच्या पंपाने सवय लागते, लग्न मोडतं, असले समज सोडून द्या. पंपाचं औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून ते गोळीपेक्षा कमी लागतं. पण औषध चालू आणि धूळही चालू, असं झालं तर गुण येत नाही.

पुढच्या बैठकीत हे करा

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या गावात किती दुकानं, किती कांडप, किती गिरण्या आहेत, त्यांची यादी करा. कोणत्या जागी हवेला दुसरी वाट नाही, ते लिहा. कोणाच्या घरात धान्याच्या गोळ्या आहेत, हे न रागावता विचारा. त्या चुलीत किंवा विहिरीत टाकायच्या नाहीत आणि पाण्यात तर अजिबात नाही, ओल लागली की वायू सुटतो. डबा घट्ट बंद, लेकरांच्या हाताबाहेर, राहत्या घराबाहेर ठेवायचा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयाला विचारून त्यांची विल्हेवाट लावायची. आशाताईंना बैठकीला बोलवा. गटातल्या कोणाला जुना खोकला आहे, हे त्यांना ठाऊक असतं.

दुकानदार आपलाच भाऊबंद असतो. त्याच्याशी भांडायला जायचं नाही. कॉईलऐवजी दाराला जाळी लाव, पोतं खिडकीसमोरून हलव, पीठ झाकून ठेव, एवढं दहा जणींनी दहा वेळा सांगितलं तर तोही ऐकतो. शेवटी गिऱ्हाईक वीस मिनिटांत निघून जातं. त्या हवेत दिवसभर बसते ती त्याचीच बायको, त्याचीच आई. हे त्याला सांगा.

आणि दुकान आपलं असेल, तर उद्या सकाळी कुलूप उघडल्यावर अगरबत्तीच्या आधी मागची खिडकी उघडा.